मुलांसाठी इतिहास लिहायचाय? आधी आपला मुलूख ठरवा

डोंबिवलीतल्या एका प्राथमिक शिक्षिकेचा प्रश्न आहे. वर्गात त्या इतिहासातल्या गोष्टी सांगतात तेव्हा मुलं रमतात, म्हणून मुलांसाठी इतिहासाची आणि चरित्रांची पुस्तकं लिहावीत असं त्यांना वाटतं. इतिहासाची पदवी नाही, तर चालेल का? सुरुवात कोणापासून करावी, शिवाजी महाराज, टिळक की सावित्रीबाई? आणि पुढेमागे नोकरी सोडून यावर घर चालेल का?

शेवटचा प्रश्न आधी घेते. नोकरी सोडू नका, निदान बरीच वर्षं तरी नाही. हिशेब साधा आहे. मराठीत मुलांच्या पुस्तकाची पहिली आवृत्ती बहुधा हजार प्रतींची निघते. किंमत १०० रुपये आणि रॉयल्टी १० टक्के धरली, तर शेवटची प्रत विकली गेल्यावर तुमच्या हाती १०,००० रुपये आलेले असतात, तेही एकदम नाही. विक्रीला दोन-तीन वर्षं सहज लागतात. चित्रकाराचा वाटा त्याच टक्क्यांतून द्यायचा ठरला असेल तर रक्कम आणखी खाली येते. म्हणजे एका पुस्तकावर कोणी जगत नाही. जगलंच तर दहा-पंधरा पुस्तकांवर, आणि तीही सारखी छापली जात असतील तर. या प्रकाराचं एक बरं असतं, चरित्र लवकर शिळं होत नाही. शाळांची बक्षिसं, जयंत्या, प्रकल्प, ग्रंथालयांची खरेदी यांमुळे चांगलं लिहिलेलं छोटं चरित्र वर्षानुवर्षं मागितलं जातं. मग प्रश्न उरतो तो एवढी पुस्तकं, तीही पक्की, एका माणसाकडून कशी लिहून व्हायची.

त्याचं उत्तर तुमच्या दुसऱ्या प्रश्नात आहे. तुम्ही विचारता, कोणापासून सुरुवात करू. मी सांगेन, माणूस निवडू नका, मुलूख निवडा. एक काळ आणि एक जागा घ्या आणि तिथे मुक्काम करा. आज शिवाजी महाराज, उद्या भगतसिंग, परवा मेरी क्युरी असं लिहिणारे बरेच आहेत. प्रत्येक वेळी त्यांना शून्यातून अभ्यास करावा लागतो, तेवढा वेळ मिळत नाही, आणि मग आधीच्या चार पुस्तकांतून पाचवं तयार होतं. चौथ्या पुस्तकात एखादी चूक असेल तर ती पाचव्यात जाते आणि तिथून मुलांच्या भाषणांत. मुलं ती जन्मभर खरी धरून चालतात. आठ वर्षांच्या वयात वाचलेलं माणूस तपासून बघत नाही, म्हणून आपली जबाबदारी मोठ्यांसाठी लिहिणाऱ्यापेक्षा जास्त आहे, असं मी मनापासून मानते.

मुंबई आणि आसपास राहणाऱ्या लेखकाला एकोणिसाव्या शतकातली मुंबई हा आयता मुलूख आहे. तिथली माणसं एकमेकांना ओळखत होती. नाना शंकरशेट (१८०३ ते १८६५) ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या पहिल्या संचालकांपैकी. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली, पुढच्या वर्षी ती तुमच्या बाजूला कल्याणपर्यंत आली. १८५२ साली बॉम्बे असोसिएशन निघाली, तीत शंकरशेटांबरोबर डॉ. भाऊ दाजी लाड आणि दादाभाई नौरोजी होते. भाऊ दाजी ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांपैकी. त्याच कॉलेजशी जोडलेले डॉ. सखाराम अर्जुन १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या मोजक्या लोकांत होते. त्यांची सावत्र मुलगी म्हणजे रखमाबाई, जिच्या खटल्याने सगळा देश ढवळून निघाला. अमेरिकेत १८६१ ला यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस इंग्लंडला जायचा थांबला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशात वर आलेल्या प्रेमचंद रायचंदांनी दिलेल्या देणगीतून राजाबाई टॉवर उभा राहिला. १८६५ ला युद्ध संपलं आणि शेअरबाजार कोसळला. कुठल्या तरी लांबच्या देशातली लढाई आणि आपल्या फोर्टातलं घड्याळ यांचा संबंध दहा वर्षांच्या मुलाला कळतो, आणि कळला की डोळे चमकतात.

याच गावात गिरण्या आल्या. ठाण्यात जन्मलेले नारायण मेघाजी लोखंडे सत्यशोधक, ‘दीनबंधु’ चालवणारे. त्यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना बांधली, आणि १० जून १८९० ला गिरणीमालकांनी आठवड्याची रविवारची सुट्टी मान्य केली. १८९६ मध्ये मांडवीत प्लेग सापडला. जानेवारी १८९७ मध्ये हाफकिनने स्वतः तयार केलेली लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्याच वर्षी लोखंडे गेले आणि प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना पुण्यात सावित्रीबाई गेल्या. बघा, सावित्रीबाईंपाशी तुम्ही पोचलातच, पण मुंबईच्या वाटेने. आता त्यांच्यावरच्या पुस्तकात प्लेग म्हणजे नुसता शेवटच्या पानावरचा शब्द राहणार नाही. शहर कसं रिकामं झालं, लोक तपासणीला का घाबरत, लस कुठे बनत होती, हे सगळं तुम्हाला माहीत असेल. एका अभ्यासातून रेल्वेचं पुस्तक निघतं, कापसाचं निघतं, प्लेगचं निघतं, चार-पाच चरित्रं निघतात, आणि प्रत्येक पुस्तक आधीच्यापेक्षा पक्कं होत जातं. कारकीर्द म्हणतात ती अशी उभी राहते.

शिवाजी महाराजांवर लिहू नका असं माझं म्हणणं नाही. पण तिथली साधनं मोडीतली मराठी, फारसी, पोर्तुगीज, डच, इंग्रजी अशा अनेक भाषांत पसरलेली आहेत आणि वाचक कमालीचा जाणकार आहे. शिवाय साधी जन्मतारीखही सरळ नाही. जुन्या पुस्तकांत १६२७ साल मिळतं. जेधे शकावली, म्हणजे जेधे घराण्याकडची सालवार नोंदींची यादी, लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केली तेव्हा शके १५५१ ची फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथी पुढे आली आणि बऱ्याच वादानंतर २००१ साली राज्य सरकारने ती स्वीकारली. आजोबांच्या पुस्तकात एक साल आणि नातवाच्या पुस्तकात दुसरं, असं का, हे मुलांना सांगणं हाच एक सुंदर धडा आहे. इतिहास कोणीतरी कागद वाचून ठरवतो, नवा कागद मिळाला तर बदलतो, हे मुलांना लहानपणीच कळलेलं बरं. पण त्यासाठी आपला पाय पक्का हवा. आधी दुसरीकडे हात बसू द्या. मुंबईतून त्या काळाकडे जायला दारही आहे. १६७४ च्या राज्याभिषेकाला इथून रायगडावर गेलेल्या इंग्रजांच्या वकिलाने, हेन्री ऑक्झेंडनने, पाहिलेलं लिहून ठेवलं आहे.

पदवीचं विचारलंत. लागत नाही. लागते ती वाचायची सवय आणि ‘हे तुम्हाला कसं कळलं?’ हा प्रश्न स्वतःला विचारत राहायची सवय. एकोणिसाव्या शतकाचा फायदा हा की बरंचसं साहित्य छापील मराठीत आणि इंग्रजीत आहे. मोडी नंतर शिकलात तर उत्तमच. फोर्टात एशियाटिक सोसायटीच्या टाउन हॉलमध्ये, १८९८ पासून चालू असलेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात बसायला शिका. आधी जाऊन नियम विचारून घ्या, ओळखपत्रं बरोबर ठेवा, कागद मागवून मिळायला वेळ लागतो म्हणून शनिवारची धावती फेरी ठरवू नका, शाळेच्या सुट्टीत सलग दिवस काढा. आणि भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय, १८७२ ला लोकांसाठी उघडलेलं, तिथे नुसत्या वहीनिशी अर्धा दिवस उभं राहा. त्या काळातली माणसं काय घालत, कशात जेवत, कशावर बसत, हे तिथे दिसतं. मुलं हेच विचारतात. नानांचं घर केवढं होतं, गाडीत पंखा होता का, संडास कुठे होता. राजकारण त्यांना दुसऱ्या वाचनात कळतं.

आता लेखनातला सगळ्यात अवघड भाग, संवाद. मुलांच्या चरित्रांत थोर माणसं पहिल्या पानापासून घडाघडा बोलतात. “आई, मी मोठा होऊन देशसेवा करीन,” असं पाच वर्षांचं मूल म्हणतं. असं वाक्य मी लिहीत नाही आणि तुम्हीही लिहू नका. अवतरणचिन्हांत जे जाईल त्याला कागदाचा आधार हवा, पत्र, भाषण, आठवणी, वर्तमानपत्र, काहीतरी. संवादाशिवाय गोष्ट कोरडी होते असं प्रकाशक म्हणतील. कोरडी होते ती तपशील नसल्यामुळे. टिळकांच्या शेंगांच्या टरफलांसारखी लोकप्रिय गोष्ट घ्यायची असेल तर ‘असं सांगतात’ म्हणून घ्या. दोन शब्दांत प्रामाणिकपणा राहतो आणि गोष्टही हातची जात नाही.

खरे कागद किती जिवंत असतात ते बाबासाहेब आंबेडकरांनी लिहून ठेवलेल्या बालपणीच्या प्रवासावरून कळतं. बाबासाहेब आणि घरातली मुलं त्यांच्या वडिलांना भेटायला आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. घ्यायला कोणी आलं नाही. मुलं महार आहेत हे कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडं ठरलं आणि वर अट अशी, की गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवान बाजूने चालणार. वाटेत प्यायला पाणी मिळेना. यात कल्पनेने घालायला जागाच नाही. नऊ वर्षांचं मूल हे वाचून विचारतं, “पण पाणी का नाही दिलं?” या प्रश्नाला टाळणारं पुस्तक मुलांच्या हातात देऊ नये. जातीचा उल्लेख गाळून ‘लहानपणी खूप कष्ट सोसले’ एवढंच लिहायची पद्धत अजून आहे. त्यात मुलाचा अपमान आहे आणि बाबासाहेबांचाही.

रखमाबाईंचा खटला मुलांना कसा सांगायचा, असं मला शाळांमधून नेहमी विचारतात. लग्न झालं तेव्हा त्या अकरा वर्षांच्या. मोठ्या झाल्यावर त्यांनी नवऱ्याकडे जायला नकार दिला. १८८४ मध्ये नवऱ्याने दावा लावला, पहिल्यांदा निकाल त्यांच्या बाजूने लागला, १८८७ मध्ये उलटला. नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्यांनी तुरुंग पसंत केला. शेवटी १८८८ मध्ये तडजोड झाली, त्या इंग्लंडला जाऊन डॉक्टर झाल्या आणि परत येऊन त्यांनी मुख्यतः सुरतेला आयुष्यभर रुग्ण तपासले. कायद्याची परिभाषा दहा वर्षांच्या मुलाला नको. ‘मला न विचारता लावलेलं लग्न मी मानत नाही’ ही भूमिका मात्र त्याला लख्ख समजते. वयाला न पेलणारा तपशील गाळायचा, पण उरलेलं असं लिहायचं की मूल सोळाव्या वर्षी मोठ्यांचं पुस्तक वाचेल तेव्हा त्याला फसवल्यासारखं वाटू नये. गाळणं चालेल, फिरवणं चालणार नाही. मी प्रत्येक परिच्छेदाला हीच कसोटी लावते.

तुमच्या शेजारच्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी हे आणखी कठीण उदाहरण. १८६५ चा जन्म, नवव्या वर्षी लग्न, १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी, आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये, बावीस वर्षंही पुरी व्हायच्या आत मृत्यू. मुलांच्या पुस्तकांत गोपाळराव आदर्श पती असतात. पण त्यांनी लहान वयात केलेल्या मारहाणीचा उल्लेख आनंदीबाईंच्याच पत्रात आहे. दोन्ही खरं आहे, त्यांनी तिला शिकवलं आणि त्यांनी तिला मारलं. मुलांना असं दुहेरी माणूस समजत नाही, असं मोठ्यांना वाटतं. मुलांच्या घरात अशी माणसं असतात, त्यांना ती मोठ्यांपेक्षा चांगली कळतात. मी असते तर दोन्ही गोष्टी साध्या वाक्यांत शेजारी शेजारी ठेवल्या असत्या आणि मध्ये ‘पण’ घालून कोणाची बाजू घेतली नसती.

चित्रांबद्दल थोडं, कारण हे लेखकाचं काम नाही असं समजून बरेच जण सोडून देतात. चित्रकाराला संदर्भ तुम्ही द्यायचे. पहिल्या आगगाडीच्या चित्रात मागे व्हीटीची इमारत काढलेली मी कितीदा पाहिली आहे. ती बांधायला १८७८ मध्ये घेतली आणि १८८८ मध्ये पुरी झाली. गेटवे ऑफ इंडिया १९२४ चं, तरी ते दादाभाईंच्या तरुणपणात उभं असतं. अशोकचक्राचा तिरंगा संविधान सभेने २२ जुलै १९४७ ला स्वीकारला, आणि चित्रात तो १९४२ च्या गवालिया टँकवर फडकतो. प्रत्येक पानासाठी एक टिपण करा, साल, ऋतू, जागा, कोणाच्या डोक्याला काय, उजेड कशाचा. पगडी, पागोटं आणि टोपी यांत गल्लत झाली की माणसाची जात, पेशा आणि काळ तिन्ही चुकतात. आनंदीबाईंचा १८८५ मधला फोटो आहे, जपानची केई ओकामी आणि सीरियाची साबात इस्लामबुली यांच्याबरोबरचा, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. चित्रकाराला असा एक फोटो दिलात तर दहा ओळींच्या सूचना वाचतात.

लांबी मी अशी धरते: सहा ते आठ वर्षांसाठी ३२ पानं आणि हजारभर शब्द, नऊ ते बारासाठी ६४ ते ९६ पानं. तुमच्याकडे वर्ग आहे, याचं मोल ओळखा. कच्चा मजकूर मोठ्याने वाचून दाखवा. मुलं चुळबुळ करायला लागतात ती ओळ खूण करून ठेवा. बहुतेक वेळा तिथे सनावळी असते किंवा उपदेश.

पैशाची दुसरी बाजू करारपत्रात आहे आणि ती मुलांसाठी लिहिणारे फार हलक्यात घेतात. तोंडी बोलण्यावर हस्तलिखित देऊ नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्कांचं हस्तांतर लेखी आणि सहीनिशी व्हावं लागतं. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. घेतलेला हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरलाच नाही आणि करारात वेगळं काही ठरलेलं नाही, तर तो हक्क तुमच्याकडे परत येतो. म्हणून ‘सर्व हक्क, सर्व भाषा, कायमचे’ अशी ओळ दिसली तर थांबा. मराठी छपाईचे हक्क द्या. भाषांतर, ध्वनिपुस्तक, ई-पुस्तक यांचं वेगळं ठरवा. छोट्या चरित्राचं हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर निघालं तर मूळ आवृत्तीपेक्षा जास्त मिळू शकतं. एकरकमी मानधन कधीच घेऊ नये असं नाही. मासिकाच्या लेखाला किंवा मोठ्या मालिकेतल्या एका पुस्तिकेला ठीक आहे, पण ते किती प्रतींसाठी हे लिहून घ्या.

दुसऱ्याचं लेखन वापरताना हाच कायदा आपल्यालाही लागू असतो. लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं हक्क राहतो. गांधीजींनी हयातीत प्रसिद्ध केलेलं लेखन २००९ मध्ये मोकळं झालं, बाबासाहेबांचं २०१७ मध्ये. मात्र मृत्यूनंतर पहिल्यांदा छापलेल्या लेखनाची साठ वर्षं त्या छपाईपासून मोजतात. घटना कोणाच्या मालकीच्या नसतात, त्या स्वतःच्या शब्दांत सांगायला परवानगी लागत नाही. लांब उतारा घ्यायचा तर लागते. जुना फोटो मोकळा असला तरी संग्रहालयाने दिलेल्या प्रतीला त्यांच्या अटी असू शकतात, पत्र लिहून विचारून ठेवा.

पुस्तकांखेरीज उत्पन्न म्हणाल तर दिवाळी अंक, मुलांची मासिकं, शाळांतली सत्रं, भाषांतरं. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून चालू आहे. तिथे किंवा एखाद्या दिवाळी अंकाच्या बालविभागात हजार शब्दांचा लेख छापून येणं हीच पहिली पायरी समजा. दिवाळीसाठीचा लेख पावसाळ्याच्या आधी पाठवावा लागतो. असे आठ-दहा लेख एकाच मुलखातले झाले की पुस्तकाचा प्रस्ताव आपोआप उभा राहतो. प्रस्तावात संपूर्ण हस्तलिखित पाठवू नका. विषय, वयोगट, पानं, दोन नमुना प्रकरणं, वापरलेली साधनं, आणि हे पुस्तक बाजारात आधीच असलेल्या पुस्तकांत नाही असं काय देतं, हे एका पानात.

तुम्हाला पहिलं पुस्तक सुचवायचं तर मी लोखंड्यांचं सुचवेन, मुलांसाठी त्यांच्यावर फार थोडं आहे. ‘रविवारी सुट्टी का असते?’ असं विचारून सुरू करा आणि गिरणीचा भोंगा, पहाटेचं उठणं, डबा, पाळी, वर्तमानपत्र, सभा असं नेत १० जून १८९० पर्यंत या. आणि प्रूफं आली की आकडे वेगळे वाचा. मजकूर एकदा वाचायचा, मग फक्त सालं आणि तारखा, बोट ठेवून, मूळ टिपणाशी मिळवत. १८४८ आणि १८८४ मध्ये दोन आकड्यांची अदलाबदल आहे, लोखंड्यांच्या पुस्तकात दोन्ही सालं येणार आहेत, आणि मुद्रितशोधकाला कुठलं कुठे ते माहीत नसतं.